सुरक्षितता कोणाची?

खंडेनवमीच्या दिवशी बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून शस्त्रपूजन होते. ज्यांच्या पूर्वजांनी गायकवाडांच्या सैन्यात शिलेदारी केली, त्यांच्या पाटावर एखादी धार गेलेली तलवार असते. ज्यांच्या घराण्यात कारकुनी चालत आली, ते दौत-लेखणी मांडतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, वाहनांची पाळी येते. मोटारीला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे. गेल्या दसऱ्याला आमच्याही दारात हे सारे झाले, कारण आमच्या घराण्यातील पहिली मोटार त्याच आठवड्यात आली होती. आजोबांची सायकल होती, वडील आयुष्यभर पायी कचेरीत गेले आणि आम्ही निवृत्तीपर्यंत स्कूटर वापरली. नोकरीत जीप मिळाली ती सरकारची होती. तिच्या निवडीचा विचार करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

ही पहिली मोटार निवडण्यात चार महिने गेले. आरंभी वाटले होते की हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे. किंमत, हप्ते, इंधन, विमा आणि गल्लीत वळण्यापुरती जागा यांचा मेळ घातला की झाले. पण बोलणी जसजशी पुढे गेली तसतसे ध्यानात आले की आपण वेगळ्याच प्रश्नापाशी येऊन थांबलो आहोत. ज्या घरांतून आज पहिली मोटार घेण्याचा विचार चालू असेल, त्यांना तो उपयोगी पडेल या भावनेने येथे मांडत आहोत.

घरात आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि अडीच वर्षांची नात. मोटार सुरक्षित हवी यावर कोणाचेच दुमत नव्हते. ‘सुरक्षित’ म्हणजे काय, येथे मात्र मते फुटली. मुलाचे म्हणणे स्पष्ट होते. ‘‘बाबा, घ्यायची तर मोठी, उंच आणि भारी गाडी घेऊ. रस्त्यावर कोण कसा अंगावर येईल सांगता येत नाही. धडक झालीच तर आपली माणसे वाचली पाहिजेत. समोरच्याचे समोरचा पाहील.’’ हे तो मुलीला मांडीवर घेऊन बोलत होता. आम्हाला त्याचे शेवटचे वाक्य खटकले, परंतु तत्काळ उत्तर सुचले नाही. बापाने आपल्या लेकराचा विचार आधी करावा यात गैर काय आहे? उलट जो तसा करीत नाही त्याला आपण नावे ठेवतो.

उत्तर शोधण्यापूर्वी माहिती गोळा करणे हा आमचा कचेरीतला जुना शिरस्ता. त्याप्रमाणे जे हाती आले ते थोडक्यात असे. भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने जानेवारी २०१४मध्ये जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या, सर्वांत स्वस्त आवृत्त्या तपासल्या गेल्या आणि प्रौढ प्रवाशांच्या बचावासाठी पाचांपैकी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. त्यांतील एका गाडीची एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे तीच मोटार थोडे अधिक पैसे देणाऱ्याला एक संरक्षण देत होती आणि न देणाऱ्याला दुसरे. डिसेंबर २०१८मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’ ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली. चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९पासून सर्व मोटारींना सक्तीची झाली आणि १ ऑक्टोबर २०२३पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकन-व्यवस्था सुरू झाली. तीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या पुतळ्यांना काय इजा होते ते मोजतात.

हा इतिहास वाचताना आम्हाला सयाजीराव महाराजांची आठवण झाली. महाराजांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होत असे. ज्याला शिक्षण हवे असेल तो ते घेईल, ज्याला नको असेल त्याच्यावर सक्ती कशाला, असे म्हणता येण्याजोगे होतेच. पण निवड करतो बाप आणि परिणाम भोगते मूल, तेथे निवडीच्या स्वातंत्र्याचा अर्थ बदलतो. मोटारीचेही तसेच आहे. ‘गिऱ्हाईकच एअरबॅग मागत नाही, मग आम्ही ती का द्यावी?’ हा युक्तिवाद अनेक वर्षे ऐकू येत असे. मागणारा पुढच्या आसनावर बसलेला असतो. मागच्या आसनावर झोपलेल्या मुलाला मागणी नोंदवता येत नाही. म्हणून काही गोष्टी गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर वा हौसेवर न सोडता कायद्याने सर्वांना सारख्या मिळाव्यात, हे आम्हाला पटते.

असो. कायदा आपले काम करील. आमचा प्रश्न घरातला होता. विक्रेत्याने दोन पर्याय पुढे ठेवले. पहिली मोटार मोठी आणि उंच. तिच्या वरच्या श्रेणीत छताला उघडझाप करणारी काच होती. दुसरी मध्यम आकाराची; चाचणीत प्रौढ व मुले या दोन्हींच्या बचावासाठी तिला चांगले गुण होते, पण दिसायला ती साधी. मुलगा मोठ्या गाडीच्या चालकाच्या आसनावर बसून पाहत होता. आमच्या सौ. नातीचा हात धरून बाहेर उभ्या होत्या. तेवढ्यात नातीने हात सोडवला आणि ती धावत मोटारीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. आत बसलेल्या मुलाने मान वर करून विचारले, ‘‘चिमी कुठे गेली?’’ ती त्याच्यापासून जेमतेम दोन हात अंतरावर उभी होती. बॉनेटच्या उंचीमुळे ती त्याला दिसत नव्हती.

गाडी बंद होती. भय काहीच नव्हते. तरी तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही. आम्हाला मात्र त्याच्या वाक्याचे उत्तर तेथे सापडले. ‘समोरच्याचे समोरचा पाहील’ हे म्हणताना त्याने स्वतःच्या मुलीला आत बसलेली धरले होते. पण तीच मुलगी दिवसातला बराच वेळ बाहेर असते. ती गल्लीत खेळते, उद्या पायी शाळेत जाईल, पुढे स्कूटर चालवील. तेव्हा ती कोणाच्या तरी मोटारीची ‘समोरची’ असेल.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे शंभरांतील चौसष्ट जणांभोवती पत्र्याचे कवच नव्हतेच. आम्ही आजवर त्या चौसष्टांत मोडत होतो. पहिली मोटार घेणारा माणूस एका दिवसात बाजू बदलतो. काल ज्याला चुकवून तो चालत होता, आज तो स्वतः तेच झालेला असतो. हे स्थित्यंतर हप्त्यांच्या कागदांवर कोठे लिहिलेले नसते, परंतु मोटार-खरेदीतील सर्वांत मोठी घटना तीच आहे असे आम्हाला वाटते.

येथे सुरक्षिततेचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात एकूण धोका कमी होतो. सीट बेल्ट, एअरबॅग, चाके न अडकू देणारे ब्रेक, चांगले टायर, लहान मुलाचे खास आसन ही सारी या प्रकारात येतात. आमच्या नातीच्या आसनामुळे ती वाचते आणि त्यापायी दुसऱ्या कोणाचेही काही जात नाही. ब्रेक चांगले असतील तर आतलाही वाचतो आणि बाहेरचाही. व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९मध्ये तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले. वाटून कमी न होणारी अशी ही सुरक्षितता आहे. तिच्यासाठी आपल्या माणसांचा पक्ष कितीही घ्यावा; त्यात स्वार्थ असला तरी अन्याय नाही.

दुसऱ्या प्रकारात धोका कमी होत नाही, तो फक्त आपल्या अंगणातून शेजाऱ्याच्या अंगणात ढकलला जातो. मोटारीचे वाढते वजन, तिची उंची आणि पुढे लावलेले लोखंडी कठडे ही याची उदाहरणे. हे कठडे मोटारीचा रंग राखतात. मात्र पायी माणसाला होणारी इजा वाढवतात, आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा आणू शकतात. म्हणूनच डिसेंबर २०१७मध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. वजनाचे गणित तर पदार्थविज्ञान शिकलेला विद्यार्थीही सांगेल. दोन वाहने समोरासमोर आदळली की हलक्या वाहनाच्या वेगात अधिक बदल होतो आणि त्यातली माणसे अधिक जखमी होतात. भारी मोटारीने विकत घेतलेल्या बचावाची किंमत काही अंशी दुसऱ्याने चुकवलेली असते.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने नीतीची एक कसोटी दिली आहे. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा आपल्याला सुसंगतपणे करता येते का, हे पाहावे. सर्वांनी पट्टा बांधावा, अशी इच्छा करता येते. सर्वच सुखी होतील. सर्वांनी इतरांपेक्षा भारी मोटार घ्यावी, अशी इच्छा करताच येत नाही, कारण सर्व भारी झाले की कोणीच इतरांपेक्षा भारी राहत नाही. फक्त पायी चालणारा होता तेथेच राहतो आणि त्याच्यासमोरचे ओझे तेवढे वाढते.

मुलाने यावर एक रास्त आक्षेप घेतला. ‘‘द्रुतगती मार्गावर ट्रक असतात, त्यांच्यापुढे लहान गाडीचा काय निभाव लागणार?’’ प्रश्न खरा आहे. पण भरलेल्या ट्रकपुढे एक टनाची मोटार काय आणि दोन टनांची काय, फारसा फरक पडत नाही. तेथे कामास येतात ती मजबूत बांधणी, पट्टे, ब्रेक आणि राखलेले अंतर. मोटारीच्या भारीपणाचा खरा प्रभाव पडतो तो तिच्याहून लहानांवर. जे संरक्षण बलवानापुढे निरुपयोगी आणि दुर्बलापुढेच समर्थ ठरते, त्याला संरक्षण म्हणावे की आणखी काही, याचा विचार व्हावा.

पैशाचा प्रश्न उरतोच. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला सर्व काही घेता येत नाही. कोठे तरी थांबावे लागते, आणि थांबणे म्हणजे जिवाची किंमत करणे नव्हे काय? १९७०च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीचे एक टिपण गाजले. मोटार उलटल्यावर इंधन गळू नये म्हणून करावयाच्या सुधारणेचा खर्च दर वाहनामागे ११ डॉलर धरला होता आणि वाचणाऱ्या प्रत्येक जिवाची किंमत २ लाख डॉलर. दोहोंची बेरीज मांडून खर्च लाभापेक्षा जास्त ठरवला गेला. तो २ लाखांचा आकडा मुळात सरकारच्याच रस्ते-सुरक्षा खात्याचा होता. तरीही पिंटो या मोटारीच्या निमित्ताने १९७७मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर लोक संतापले.

आमच्या नोकरीची काही वर्षे मामलतदार कचेरीत गेली. अपघातात गेलेल्यांचे वारस भरपाईच्या दाव्यासाठी पेढीनामा करून घ्यायला येत. पेढीनामा म्हणजे वारसांची वंशावळ. तो करताना आम्ही पुष्कळदा मनाशी हिशेब करीत असू. मृताचे उत्पन्न, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा, आणि आलेल्या रकमेला वयानुसार ठरलेला गुणक. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सरला वर्मा खटल्यात हे गुणक निश्चित केले. पंचविशीच्या आतल्या तरुणाला १८, पासष्टी ओलांडलेल्याला ५. न्यायालयाला काही तरी माप धरणे भाग आहे आणि हे माप गेलेल्या जिवाचे नसून मागे राहिलेल्यांच्या आधाराचे आहे, हे आम्ही जाणतो. तरी एकाच वयाचा मजूर आणि अभियंता एकाच चाकाखाली गेले तर दोन विधवांच्या हाती दोन वेगळ्या रकमा पडतात, हे दृश्य आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. ज्यांचा हिशेब सर्वांत कमी भरतो, ते बहुधा मोटारीच्या बाहेरच असतात.

म्हणून आम्हाला असे वाटते की थांबण्यात पाप नाही. कशापाशी थांबलो हे मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. छताच्या काचेसाठी पैसे आहेत आणि मुलाच्या आसनासाठी नाहीत, असे कोणी म्हणाले तर ते गरिबीचे कारण होत नाही. उलट ज्याची ऐपत खरोखरच बेताची आहे, त्याच्याही हाती बरेच काही असते, कारण सुरक्षिततेचा सर्वांत मोठा भाग फुकट मिळतो. वेग ताशी ६०वरून ८०वर नेला तर तो एकतृतीयांशाने वाढतो, पण गाडीतील गतिज ऊर्जा जवळजवळ पाऊणपट वाढते. ती कमी ठेवण्यास एक पैसाही पडत नाही.

आणि जी विकत घेतली ती सुरक्षितता वापरली नाही तर तिचा उपयोग काय? ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार महागडी होती. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. मागच्या आसनावरील पट्ट्याचा नियम तेव्हाही होताच. त्याच वर्षी पट्टा न बांधल्यामुळे देशात १६,७१५ माणसे गेल्याची नोंद आहे. याहून विषण्ण करणारी गोष्ट म्हणजे पट्टा न बांधल्यावर वाजणारी सूचना बंद पाडण्यासाठी एक लहानशी खोटी कडी बाजारात मिळत असे. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ती विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. माणूस सावधगिरीच्या सूचनेसाठी एकदा पैसे मोजतो आणि ती गप्प बसावी म्हणून पुन्हा मोजतो. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५मध्ये असे मांडले होते की वाहन सुरक्षित झाले की चालक अधिक धाडसाने हाकतो आणि लाभ वाया जातो. पुढच्या अभ्यासकांना हे पूर्णांशाने खरे वाटले नाही. पण पाच तारे मिळवलेली मोटार हाती आल्यावर पाय थोडा अधिक दाबला जातो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

अखेर आम्ही मध्यम आकाराची मोटार घेतली. छताच्या काचेचे पैसे वाचले, त्यातून नातीचे आसन आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा अशा आसनात बसवणे २०१९च्या दुरुस्तीने कायद्यानेही बंधनकारक केले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या दिवशी नात त्या आसनात बसून रडली, तेव्हा सूनबाईंनी तिला मांडीवर घेण्याचा मोह आवरला आणि गाडी सुरूच केली नाही. दहा मिनिटांनी रडणे थांबले. आमच्या सौ.ना साडीवरून पट्टा बांधणे जाचते. त्या कुरकुरतात आणि बांधतात. मुलाची हौस पूर्णपणे फिटली, असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्यांची उंच मोटार गल्लीतून जाते तेव्हा तो तिच्याकडे पाहतो, हे आम्हाला दिसते.

दसऱ्याला पूजा करताना आदल्या दिवशीचे शस्त्रपूजन आमच्या मनात होते. तलवार पुजणाऱ्या आमच्या पूर्वजांना तिची धार ठाऊक होती. म्हणूनच ती म्यानात ठेवण्याचा संस्कार त्यांनी घराघरांत केला. मोटारीला माळ घालताना तिलाही धार आहे याचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. पूजा झाल्यावर मुलगा चालकाच्या जागी बसला. किल्ली फिरवण्यापूर्वी तो एकदा खाली उतरला, मोटारीच्या पुढून एक फेरी घालून आला आणि मग पट्टा बांधला. आम्ही त्याला काही सांगितले नव्हते.